पोच घेणारा केरूनाना

...तर मदुराई अजून तीस किलोमीटर लांब, आणि गाडीची क्लचप्लेट जळालेली. काल इथवर सांगून झालं होतं, मग जेवायची हाक आली आणि माझी गाडी तिथंच उभी राहिली. पंचेचाळीस माणसं रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसलेली. त्यातली मणेराजुरीची एक म्हातारी मला दर पाच मिनिटांनी विचारायची, ड्रायव्हर, हे कुठलं देवस्थान? मी सांगायचो, आजी, हे चिंचेचं झाड आहे. ती तरीही हात जोडायची. काशीपासून रामेश्वरापर्यंत तिनं जेवढ्यांना हात जोडले, त्यात ते झाडही धरा.

बोलायची पंचाईत होती. मला तमिळ येत नाही, तिथल्या माणसांना मराठी येत नाही, आणि हिंदी म्हणाल तर दोन्हीकडं सारखीच कच्ची. तेव्हा मोबाइल कुठले! समोरच्या एसटीडीच्या खोक्यात घुसलो आणि मिरजेला आमच्या संघटनेच्या हापिसात फोन लावला. दुसऱ्या घंटीला उचलला.

"कृष्णाकाठ," पलीकडून आवाज आला.

हापिसात फोन सांभाळणारा आमचा केरू फोनवर एवढंच म्हणायचा. नमस्कार नाही, कोण बोलतंय नाही. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, उजव्या हाताला पांढरी पाण्याची टाकी दिसते का? दिसत होती. मग जवळ मोठी चिंच असेल, तिच्या सावलीला माणसं बसव, म्हणाला. मी म्हटलं, बसवली. म्हणाला, मग तिथंच राहा, माणूस येतोय.

सव्वा तासानं स्कूटरवरून एक जण आला. मागं बांधलेली नवी क्लचप्लेट, पुढं पायाशी केळ्यांचा अख्खा घड. मदुराईच्या संघटनेचा सेक्रेटरी मुरुगेसन म्हणून होता, त्यानं प्रवाशांसाठी केळी धाडली होती. दिवे लागायच्या आत आम्ही मदुराईत मुक्कामाला. म्हातारीनं दोन केळी त्या चिंचेच्या बुंध्याशी ठेवली ती ठेवलीच.

आता गंमत ऐका. ज्या केरूनं मला मिरजेत बसून टाकी आणि चिंच सांगितली, त्यानं मदुराई कधी बघितली नव्हती. मदुराई सोडा, त्यानं सोलापूरही बघितलं नव्हतं.

केरू बनसोडे मूळचा साताऱ्याच्या अंगाचा, कोरेगाव तालुक्यातला. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरात पहिली वस्तू आणली ती पाटी, असं तो सांगायचा. त्यामुळं त्याचं अक्षर असं, की आमच्या सातवी पास हाताला लाज वाटावी. बायको जाईबाई हिच्या दुखण्यासाठी तो मिरजेला आला. मिरजेला निम्मी माणसं दवाखान्यासाठी येतात आणि निम्मी त्यांना भेटायला. जाईबाई बरी झाली, त्याच दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि केरूला आमच्या संघटनेनं हापिसात बसवलं. ते साल एक्याण्णव. त्याच महिन्यात हापिसात फोन बसला होता.

संघटनेचं पूर्ण नाव कृष्णाकाठ प्रवासी वाहतूकदार संघटना. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतले, एकेक-दोनदोन गाड्या असलेले आम्ही लोक. एकट्या गाडीवाल्याला परराज्याच्या नाक्यावर कुणी खुर्ची देत नाही, हे मी स्वतः उभं राहून शिकलोय. पण चाळीस जणांच्या सहीचं निवेदन गेलं की साहेब चष्मा लावतो. परमिट, कर, हंगामातले दर, प्रवाशांच्या तक्रारी, सगळं संघटनेत. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे दुसऱ्या राज्यांतल्या संघटनांशी केलेला शब्द. तुमची गाडी आमच्याकडं बंद पडली तर आम्ही धावू, आमची तुमच्याकडं पडली तर तुम्ही. कागद नव्हता त्याला. त्याला होता तो मिरजेच्या स्टेशनाजवळच्या एका खोलीतला फोन, आणि फोनपाशी केरू.

आमचा एक नियम होता, तो बाकी कुठल्या संघटनेत मी ऐकला नाही. गाडी कुठंही असो, संध्याकाळी मुक्कामाला टेकली की ड्रायव्हरनं हापिसात फोन करायचा आणि म्हणायचं, पोचलो. याला आम्ही पोच म्हणायचो. केरू वहीत लिहायचा: गाडी नंबर, मुक्काम, वेळ. आणि वर एक प्रश्न विचारायचा, जो नियमात नव्हता.

"खूण काय?"

म्हणजे गाडी उभी आहे तिथं समोर काय दिसतं. कुणी सांगायचं पिवळा दवाखाना, कुणी सांगायचं वाकडा खांब. त्या खुणा वह्यांमधून साठत साठत केरूच्या डोक्यात सगळा देश उभा राहिला होता. वाराणसीत कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही ते तो मिरजेतून सांगायचा. आपल्या ड्रायव्हरनं हुशारी केली की म्हणायचा, गड्या, तू गेलायस एकदा, मी चाळीसदा गेलोय.

सगळ्या गाड्यांची पोच आल्याशिवाय तो घरी जात नसे. एखादी राहिली की त्या वाटेवरच्या संघटनेला फोन लावायचा. जाईबाई डबा घेऊन यायची आणि बाहेरच्या पायरीवर बसायची. मला म्हणायची, आवं तात्याबा, माज्या सवतीला एक वायर हाय बगा. हसायची आणि थांबायची.

ती गेली त्याला बारा वर्षं झाली. मातीच्या दिवशी केरूनं मला एकच सांगितलं, तू फोनपाशी बस. मी बसलो. संध्याकाळी तो ओल्या कपड्यांनी दारात आला. मला वाटलं, आता रडेल, म्हणून मी पाणी द्यायला उठलो. त्यानं विचारलं, सगळ्या पोचल्या का? मी म्हटलं, पोचल्या. मग तो पायरीवर बसला, जिथं ती बसायची तिथं.

पुढं त्यानं भाड्याचं घर सोडलं आणि हापिसाच्या मागल्या निम्म्या खोलीत खाट टाकली. पोरगा प्रशांत पुण्याला, चाकणच्या कंपनीत. नात अक्षता बारावीला. प्रशांत दर दिवाळीला म्हणायचा, आप्पा, चला. केरू म्हणायचा, येतो की, पण फोन कोण बघंल? मला वाटतं प्रशांतलाही त्या फोनचा राग यायचा, पण तो कधी बोलला नाही.

कोरोनात आमच्या गाड्या माळावर ताडपत्र्या घालून उभ्या होत्या. केरू रोज संध्याकाळी वही उघडायचा, तारीख लिहायचा, आणि खाली काहीच नाही. पान उलटून दुसऱ्या दिवशी दुसरी तारीख. हे मला भिंतीपलीकडच्या हारूनभाईंनी फोनवर सांगितलं. ते तंबोरे करतात. त्यांचं दुकान आणि आमचं हापिस यांच्यात एकच वीट आहे. मग मी काय केलं, त्या संध्याकाळी तासगावला आमच्या बेदाण्याच्या शेडवरनं मिरजेला फोन लावला.

"कृष्णाकाठ."

"पोचलो," मी म्हटलं. "बेदाण्याची शेड, तासगाव."

तिकडं पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज. मग, "खूण काय?"

"म्हैस."

त्यानं लिहिलं. पुढं मी स्वतः ती वही बघितली, त्या तारखेखाली 'म्हैस' लिहिलंय, मोत्यासारख्या अक्षरात. दीड वर्षं मी रोज पोच दिली. म्हैस दोनदा व्याली, तेही वहीत आहे.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण पोच काही सुरू झाली नाही. आता प्रत्येक गाडीत यंत्र असतं, मालकाला घरबसल्या मोबाइलवर गाडी कुठल्या चौकात आहे ते दिसतं. ड्रायव्हर मुक्कामाला पोचला की ग्रुपवर अंगठा टाकतो. आमचे नवे अध्यक्ष वीरधवल, साताऱ्याचे, बारा गाड्यांचे मालक. पोरगा गुणाचा. मोठ्या माणसापुढं मोबाइल खिशात ठेवून बोलणारा. त्यानं संघटना मोठी केली, दोन्ही जिल्ह्यांत सभासद वाढवले, अपघाताच्या वेळी वकील ठेवला. पण फोनवरची पोच देणाऱ्या गाड्या राहिल्या दोन, दोन्हींचे ड्रायव्हर साठीच्या पुढचे.

जानेवारीत सांगलीला सर्वसाधारण सभा झाली. वीरधवलनं फार अवघडून मांडलं, की हापिसाची गरज उरली नाही. कुणी विरोध केला नाही. मीही केला नाही, हे सांगून ठेवतो. केरूला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि वीरधवलनं जाहीर केलं की नानांनी जन्मभर आपल्या गाड्या देशभर फिरवल्या, आता नाना म्हणतील तिथं त्यांनी जायचं, सीट संघटनेची. फोनचं काय करायचं ते नाना परत आल्यावर त्यांनाच विचारून ठरवू, असंही म्हणाला.

आम्हा सगळ्यांना वाटलं, तो बोधगया म्हणणार. दोघातिघांनी तर त्या गाडीची तारीखही काढून ठेवली होती. केरू उठला आणि म्हणाला, मदुराई.

मी शेजारी बसलो होतो. हळूच म्हटलं, तिथं देवळाशिवाय काय आहे? तर म्हणाला, देवळात जायाचं कुणाला हाय, मुरुगेसनला बघायचाय. तीस वर्षं दोघं फोनवर बोललेले, दोघांना मिळून वीसभर हिंदी शब्द येत असतील. जाईबाई गेली तेव्हा मुरुगेसननं फोन केला होता आणि दोघं नुसते फोन कानाला धरून बसले होते, असं केरूनं मला एकदा सांगितलं होतं. दोन वर्षं झाली, मदुराईचा तो नंबर लागत नव्हता. केरू म्हणायचा, तिकडं पावसानं लाइन गेली असंल.

फेब्रुवारीत आमच्या मानसिंगची गाडी निघाली. मानसिंग माझा थोरला. केरूनं हापिसाची किल्ली माझ्या हातात दिली. पाच ते आठ बसायचं, खुर्ची सोडायची नाही, वही निळ्या पेननं लिहायची. मी म्हटलं, दोन गाड्यांसाठी एवढं कशाला? म्हणाला, तीन. मी बी देणार हाय पोच.

चौतीस वर्षं दुसऱ्यांची घेतली, स्वतःची द्यायची त्याला ही पहिली वेळ. निघाला तेव्हा खिशात बटणाचा मोबाइल आणि पिशवीत मुरुगेसनसाठी तासगावचे बेदाणे. खिडकीजवळ बसला आणि काच पुसली, आतून पुसली, मग उतरून बाहेरूनही पुसली.

पहिल्या दिवशी हुबळीहून फोन आला. मी त्याच्यासारखाच म्हटलं, कृष्णाकाठ. तिकडून आवाज, पोचलो. मी खूण विचारली. तो इतका हसला की तो आवाज मला ओळखीचाच वाटला नाही. म्हणाला, वाकडा खांब, गड्या, खरंच हाय. दुसऱ्या दिवशी होस्पेटहून, तिसऱ्या दिवशी कृष्णगिरीहून. वहीत ज्या खुणा होत्या, त्या त्याला एकेक भेटत चालल्या होत्या. मला म्हणायचा, तुमी लोक खोटं बोलत न्हवता.

चौथा दिवस मदुराईचा. तो दिवस सांगायचा तर जीभ जड होते, पण सांगतो.

सव्वापाचला मी कोपऱ्यावर चहाला गेलो. दहा मिनिटांत येणार होतो. तिथं कर्नाटकातले दोन जण बसले होते, दवाखान्यात कुणाला तरी आणलेलं. एकानं विचारलं, आजोबा, कुठं कुठं फिरलाय? बास. मी सुरू झालो. क्लचप्लेट, चिंच, म्हातारी, टाकी, केळी. अगदी केरूनं दुसऱ्या घंटीला फोन उचलला, तेही रंगवून सांगितलं. ते पण मान हलवत होते. चहा दोनदा झाला.

परत आलो तर हारूनभाई आपल्या दारात उभे, हातात तंबोऱ्याची खुंटी. म्हणाले, "तात्याबा, फोन सात वेळा वाजला. शेवटच्याला इतका वेळ वाजला की मी तार लावायची थांबवली."

मी केरूच्या मोबाइलवर लावला. बंद. मानसिंगला लावला, तो म्हणाला, नाना सीटवर डोळे मिटून बसलेत, सकाळी बोला.

तिथं काय झालं ते मानसिंगनं परत आल्यावर सांगितलं. वहीतल्या पत्त्यावर दोघं गेले होते. संघटनेच्या हापिसाच्या जागी मोबाइलचं दुकान. दुकानातल्या बाईला मुरुगेसन हे नाव माहीत होतं, पण एवढंच, की ते हापिस बंद झालं आणि म्हातारा मुलाकडं राहायला गेला. मुलगा कुठल्या गावात, ते तिला माहीत नव्हतं. केरूनं बेदाण्याची पिशवी तिच्याच काउंटरवर ठेवली. मानसिंग गाडीकडं निघाला, तर हा दुकानाच्या पायरीवर उभा राहून फोन लावायला लागला. लावायचा, कानाला धरायचा, संपला की पुन्हा लावायचा. सात वेळा. मानसिंगला वाटलं, प्रशांतला लावतोय.

पुढचे सहा दिवस मी चार वाजल्यापासून हापिसात बसलो. चहा घरून किटलीत नेला. कुणी बोलवायला आलं तर हात करून घालवलं. दोन म्हाताऱ्या ड्रायव्हरांची पोच यायची, ती लिहायचो. तिसरी आली नाही. त्या खोलीत एकट्यानं बसलं की काय होतं, ते मला तेव्हा कळलं. भिंतीवर देशाचा नकाशा, त्यावर टाचण्या, आणि पलीकडून एकच तार पुन्हा पुन्हा वाजवून बघणारे हारूनभाई. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तिथं सांगायला कुणी नाही. फोनकडं बघून बघून मी त्याच्या वायरीचे वेढे मोजले. केरूनं ते किती हजार वेळा मोजले असतील.

तो परत आला तेव्हा मी आधी माफी मागितली. काही लपवलं नाही; चहा, कर्नाटकचे लोक, गोष्ट, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग वही ओढली, चौथ्या दिवसाचं पान काढलं. तिथं मी लाजेनं काही लिहिलं नव्हतं. त्यानंही काही लिहिलं नाही.

म्हणाला, "गोष्टीत मी कितव्या घंटीला उचलला?"

मी म्हटलं, दुसऱ्या.

"मग बरुबर हाय," म्हणाला, आणि चहा ठेवायला मागं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत गाडी घेऊन येणार होता. पुण्याला जायचं केरूनं परतीच्या वाटेतच ठरवलं होतं, कुणी समजूत घातली नव्हती. सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावलं. वह्या वीरधवलनं संघटनेच्या सांगलीच्या कपाटात ठेवायच्या म्हणून मागून घेतल्या. सगळ्यात वर म्हशीचं पान असलेली.

वीरधवल साताऱ्याहून मुद्दाम आला होता. खाली वाकून नमस्कार केला आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला. त्यानं सांगितलं की खोलीचा करार अजून अकरा महिने आहे, सामान ठेवायला ती राहील, पण बसायला माणूस ठेवणं संघटनेला जमणार नाही. त्या दोन ड्रायव्हरांनाही मोबाइल शिकवून झालाय. मग त्यानं फोनवर हात ठेवला.

"नाना, याचं तुम्ही सांगाल तसं. काढायचा का?"

केरू पेटीवर बसला होता. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, जाऊ दे, कशाला रिकाम्या खोलीत ते मडं ठेवायचं. बाहेर प्रशांतनं हॉर्न दिला. केरू उठला, फोनची वायर कुठं पिळली होती ती बोटानं सरळ केली, आणि म्हणाला:

"काढू नगा. उचलायला कुणी नसलं तरी चालंल. मदुराईतनं मी हितं सात येळा लावला, तात्याबा न्हवता, ते कळलं हुतं मला. पर घंटी वाजती तवर वाटतं, आतलं माणूस उठून याया लागलंय."